पाच विहान

पहिलीच्या वर्गाच्या दारावर मुलांच्या नावांची यादी चिकटवली होती आणि तिच्यात पाच विहान होते. मी आधी वरून खाली वाचली, मग खालून वर. पाच म्हणजे पाचच. आरव तीन होते, शौर्य तीन, अन्वी चार, आणि आराध्या किती ते मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. माझं लक्ष आमच्या चिरंजिवांच्या नावावर होतं.

"विहानच्या आई का?" वर्गाच्या बाईंनी विचारलं. "कोणता विहान?"

"वेळापुरे."

"म्हणजे विहान चार." त्यांनी वहीत खूण केली. "गोंधळ नको म्हणून मी नंबर दिलेत. डब्यावर, दप्तरावर नावापुढे चार घाला बरं का. गेल्या वर्षी एका आरवचा डबा दुसऱ्या आरवनं खाल्ला, आता रागवायचं कुणाला?"

माझ्या मागे माझी धाकटी जाऊ रेणुका उभी होती. तिची मुलगीही त्याच वर्गात होती. बाईंनी तिचं नाव विचारलं.

"गोदावरी," रेणुका म्हणाली.

"अगंबाई, गोदावरी! ही एकटीच आहे. असं नाव हल्ली कोण ठेवतं?"

"आमच्यात ठेवतात," रेणुका हसून म्हणाली, "हिला नंबर नको म्हणजे."

ती सहज हसली होती, पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, ती मलाच हसली. कारण विहान हे नाव माझं नव्हतंच. ते रेणुकाचं होतं आणि मी ते ढापलं होतं. आज माझा मुलगा बारावीला आहे. त्याच्या नावाची ही गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही, कारण सांगायची तर आधी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यावं लागतं.

बार्शीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. घेतलेल्या भांड्यावर नाव घालून द्यायची आमच्याकडे पहिल्यापासून पद्धत. गावात कुणाचं बारसं ठरलं की वाटी-चमचा आमच्याकडून जायचा, त्यामुळे गावात काय नावं चालू आहेत ते आमच्या ह्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. जेवताना ते सांगायचे, "आज दोन साहिल आणि एक ओंकार घातला," आणि मी मुकाट्यानं वाढत राहायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आमच्या घरात वाटीवर घालायला नावच नव्हतं.

आठव्या वर्षी मला दिवस गेले. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, जिच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं त्या रेणुकालाही गेले. मी जे आठ वर्षं देवाकडे मागत होते, ते तिला न मागता मिळालं. तिचा मला राग नव्हता. पण कौतुकही वाटत नव्हतं, हे कबूल करते.

एका दुपारी आम्ही दोघी सासऱ्यांच्या जुन्या धोतराची दुपटी शिवत बसलो होतो. मला आठवा सरत आला होता.

"ताई, कुणाला सांगणार नसाल तर एक सांगू?" ती म्हणाली.

"सांग की."

"मुलगा झाला तर विहान ठेवायचं. विहान म्हणजे पहाट. कॉलेजात हिंदीच्या पुस्तकात हा शब्द आला होता, तेव्हापासून मनात धरून ठेवलंय."

"आणि मुलगी झाली तर?"

"मुलीचं अजून सुचलं नाही." ती सुईत दोरा ओवत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "इथं आले आणि माझं नाव गेलं. त्याचं काही नाही, पुष्कळ जणींचं जातं. पण लेकराला तरी आपल्या मनातलं नाव द्यावं, एवढंच वाटतं हो."

तिचं माहेरचं नाव प्राजक्ता. लग्नात सासूबाई म्हणाल्या, "माझी काही एवढी जीभ वळायची नाही," आणि ताटातल्या तांदळात अंगठीनं 'रेणुका' लिहून मोकळ्या झाल्या. तिच्या वडिलांनी मान हलवली. हलवणार नाही तर काय करतील? नारळ आणि मुलगी देऊन त्यांनी लग्न लावलं होतं. घरात चार माणसं जमली की सासूबाई हटकून सांगायच्या, अंगावरच्या साडीसकट सगळं आम्हीच केलं. रेणुका ऐकून घ्यायची.

माझं नाव मात्र बदललं नव्हतं. संगीता हे नाव सगळ्यांच्याच जिभेला वळायचं, म्हणून तर ते गल्लोगल्ली होतं. शाळेत आमच्या वर्गात आम्ही चार संगीता होतो. एक जाडी संगीता, एक पाटलाची संगीता, एक शहाणी संगीता. माझे पुढचे दात जरा मोठे, म्हणून मी दाताडी संगीता. मास्तरसुद्धा तसंच म्हणायचे. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या मुलाचं नाव असं ठेवीन की जे गावात दुसऱ्या कुणाचं नसेल.

मला मुलगा झाला. माझी आई तोवर वारली होती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. रेणुकाला सातवा लागला होता आणि तिला माहेरी जायचं होतं. "ताईंचं बारसं उरकून जाते," म्हणून ती थांबली. बाळाला न्हाऊमाखू घालायला बाई यायची, पण माझं पाणी, माझा शेक, डिंकाचे लाडू, रात्री बाळ रडलं की उठणं हे सगळं तिनं केलं, स्वतःचं पोट सावरत.

नावाचा घोळ मात्र सुटेना. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मामंजी आलेत पोटाला. गणपतच ठेवायचं." हे मला हळूच म्हणाले, "तुझ्या मनात दुसरं असेल तर बाराव्याच्या आत सांग, आईला मी बघतो." मी नावांचं पुस्तक आणवलं. एकेक नाव काढून ह्यांना विचारायची, आणि ते म्हणायचे, हे गेल्या महिन्यात घातलं, ते तर चार वेळा घातलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं, "विहान कधी घातलंय का हो आपल्या दुकानात?"

नुसतं विचारलं होतं. खरंच, तेव्हा मनात तेवढंच होतं. निदान मी स्वतःला तसं सांगते.

"काय म्हणालीस? विहान?" हे एकदम खूश झाले. "नाही बुवा, उभ्या जन्मात नाही. कुठून काढलंस? झकास आहे की!"

त्या वेळी "ते रेणुकाचं आहे" एवढं म्हणायला काय लागत होतं? मी बाळाचं दुपटं सारखं करत गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी माझ्या हातात कागदात गुंडाळलेली वाटी ठेवली. तिच्यावर स्वच्छ अक्षरात विहान घातलेलं होतं. ठोकून घातलेलं नाव पुसता येत नाही. मी वाटी कपाटात लपवली आणि मनाला समजावलं की रेणुका काल आलेली पोर आहे, तिला काय, आज ना उद्या आणखी होतील. मी आठ वर्षं वाट बघितली आहे.

बारशाच्या दिवशी नाव आत्यानं ठेवायचं असतं. आमच्या शोभावन्सं गावातच दिलेल्या, त्या सकाळीच आल्या. मी त्यांना खोलीत बोलावून कानात नाव सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"कुठून मिळालं हे नाव, वहिनी?"

"पुस्तकात," मी म्हणाले.

त्या तशाच बाहेर गेल्या. मला वाटलं, नव्या नावानं चकित झाल्या असतील. पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, आणि आत्याचाच पत्ता नव्हता. सासूबाई ओरडायला लागल्या, तेव्हा वन्सं स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या मागोमाग रेणुका आली.

पाळण्याच्या एका बाजूला वन्सं आणि दुसऱ्या बाजूला रेणुका उभ्या राहिल्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," म्हणत बाळ पाळण्याखालून आणि वरून या हातातून त्या हातात फिरलं. मग वन्सं वाकल्या, बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "विहान!" बायकांनी हसत हसत त्यांच्या पाठीत धपाटे घातले. मी मान वर केली नाही. शेवटी राहवेना म्हणून चोरून बघितलं, तर रेणुका पाळण्याची दोरी ओढत होती आणि पाळणा म्हणत होती. आवाज नेहमीचाच होता.

संध्याकाळी घुगऱ्या वाटायच्या होत्या. सासूबाईंनी पातेलं रेणुकाच्या हातात दिलं. माझी खिडकी गल्लीवर होती. सातव्या महिन्याची ती बाई प्रत्येक दारात उभी राहून, वाटीत घुगऱ्या घालून सांगत होती, "ताईंना मुलगा झाला ना, त्याचं बारसं. विहान ठेवलं." समोरच्या काकूंना ऐकू कमी यायचं. त्यांना तिनं तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. मला एका शब्दानं बोलली नाही. मी म्हटलं, बघ, तिला काही वाटलेलंच नाही. पुढे तिला मुलगी झाली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. ती परत आल्यावर मी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, "एका अर्थी बरं झालं ग, तुला मुलगीच झाली. ते नाव तसंही फुकट गेलं असतं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती फक्त "हो ना," म्हणाली. मुलीचं नाव तिनं सासूबाईंवर सोपवलं आणि सासूबाईंनी आपल्या सासूचं ठेवलं, गोदावरी.

इकडे ह्यांनी विहानची ती वाटी दुकानाच्या शोकेसमध्ये नमुना म्हणून मांडली. गिऱ्हाईक वाटी बघायचं, नाव वाचायचं, "छान आहे हो, कुणाचं?" विचारायचं. हे फुशारकीनं सांगायचे, "आमच्या पोराचं." दोन महिन्यांत पहिला विहान गेला. मग दुसरा गेला. वर्गातल्या त्या पाचांपैकी बाकीचे चारही आमच्या शोकेसमधूनच गेलेले असणार. मी एकदा चोरलं आणि गावानं माझ्याकडून चारदा नेलं.

तर शाळेच्या त्या पहिल्या दिवशी मी घरी आले ती फणफणत. संध्याकाळी पोरांची शाळा कशी झाली ते बघायला शोभावन्सं राजगिऱ्याच्या वड्या घेऊन आल्या होत्या. सासूबाई देवळात गेल्या होत्या. रेणुका आत कणीक मळत होती. मी बाहेरच्या खोलीत वन्संपुढे गाऱ्हाणं मांडलं.

"पाच विहान, वन्सं! गल्लीत दगड मारला तर विहानला लागेल अशी गत झालीय. विहान चार म्हणे! माझं पोर काय कैदी आहे नंबर लावायला?"

"मग आता काय करणार?" वन्सं म्हणाल्या.

"बदलून टाकते. अजून पहिलीच तर आहे. प्रतिज्ञापत्र करायचं, शाळेत द्यायचं, झालं. मी यादी काढलीय चांगल्या नावांची. नाहीतरी या नावात काय ठेवलंय? मेलं उगाच ठेवलं."

आत परातीचा आवाज थांबला. वन्संनी हातातली वडी डब्यात परत ठेवली. त्या उठल्या, मधलं दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि आवाज मात्र त्यांनी अगदी खाली ठेवला होता.

"वहिनी, जनाची नाही तर मनाची तरी काही ठेवा."

"मी काय केलं?"

"ते नाव कुणाचं होतं, मला ठाऊक आहे. तुमच्या बारशाच्या आधी महिनाभर तिनं मला विचारून ठेवलं होतं. म्हणाली, वन्सं, आत्या तुम्ही, नाव तुमच्या तोंडून व्हायचं, मुलगा झाला तर विहान म्हणाल का? मी तिला शब्द दिला होता."

मी म्हणाले, "मग तुम्ही त्या दिवशी ठेवलंत कसं?"

"मी ठेवणार नव्हते. तुम्ही कानात सांगितलंत आणि मी तशीच तिच्याकडे गेले. ती घुगऱ्या उपसत होती. मी म्हणाले, प्राजक्ता, मी दुसरंच काहीतरी म्हणते. आत्याचा मान आहे, आत्या म्हणेल ते नाव. कोण मला विचारणार?"

"मग?"

"मला म्हणाली, नको वन्सं. आठ वर्षांनी पाळणा हललाय. बाळंतिणीचं मन मोडू नये. त्यांनी सांगितलंय तेच म्हणा." वन्संनी पदरानं डोळे टिपले. "मी ऐकेना, तेव्हा तिनं माझा हात घेऊन स्वतःच्या पोटावर ठेवला आणि शपथ घातली की, कुणाला बोलायचं नाही. सहा वर्षं मी बोलले नाही. आज तुम्ही ते नाव टाकून द्यायला निघालात म्हणून बोलले. शपथ मोडली ती माझी मी बघीन."

वन्सं गेल्या, तरी मी तिथंच बसून होते. सहा वर्षं मी या भरवशावर जगले होते की तिला काही वाटलंच नाही. पाळण्याची दोरी ओढताना, दारोदार घुगऱ्या वाटताना ती सगळं आधीपासून जाणून होती. मी चोरी केल्याच्या लाजेशी तोवर कसाबसा संसार केला होता. पण मी घेतलं ते मला उघड्या हातानं दिलेलं होतं, आणि देणाऱ्या बाईला मी "ते नाव तसंही फुकट गेलं असतं" असं तोंडावर म्हणाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी स्वयंपाकघरात गेले. रेणुका पोळ्या करत होती. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी होती.

"रेणुका, वन्संनी मला सगळं सांगितलं."

लाटणं थांबलं. "नको म्हटलं होतं मी त्यांना," ती म्हणाली.

"मी तुझी चोरी केली ग. सहा वर्षं तोंड वर करून वावरले. मला..."

"तसं म्हणू नका, ताई."

"मग काय म्हणू? जे केलं ते केलं. चोरीच ती. मला एकदा तुझी माफी मागू दे."

तिनं तव्यावरची पोळी काढली, तूप लावलं, घडी घालून डब्यात ठेवली. मग गॅस बारीक करून माझ्याकडे वळली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, मी या घरात आले तेव्हापासून मला सगळं दिलेलंच आहे. लुगडं दिलं, नाव दिलं, माझ्या लेकीचं नावसुद्धा दिलं. आई रोज सांगतात, मी ऐकते. खोटं नाहीच ते. पण मीसुद्धा या घरात एकदा एकाला काहीतरी दिलंय. एवढं एकच. दिवसभर राबून आडवी झाले ना की कधी कधी मला त्याचं बरं वाटतं. तुम्ही आता ते चोरलं म्हणालात, तर माझ्याजवळ तेही राहत नाही."

माझ्या ओठावर आलेली माफी ओठावरच राहिली. ती मागायची म्हणजे तिच्याकडून दुसऱ्यांदा घेणं होतं. मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. बाजूला परातीतली कणीक उघडीच होती, तिच्यावर झाकण ठेवायचंही मला सुचलं नाही.

"आणि नाव बदलायचं तेवढं राहू द्या," ती पुन्हा लाटायला लागली. "पाच असोत नाहीतर पन्नास. चला, पोळ्या गार व्हायला लागल्या, पोरांना हाक मारा."

मी दाराशी गेले. दोघं समोरच्या कट्ट्यावर बसून शाळा-शाळा खेळत होती. गोदा बाई झाली होती आणि हातात पट्टी घेऊन त्याला पाढे विचारत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून ते नाव बाहेर पडेना. मागून पदराला हात पुसत रेणुका आली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. माझ्या शेजारी उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिनंच हाक मारली.

"विहान! ए विहान, चल रे, जेवायला!"

तो धावत तिच्याकडे आला.